अधिकाचा महिना

रिचमंडला नदीपलीकडून तंबाखूचा वास यायचा,
ओलसर, गोड, भाजलेल्या मनुकांसारखा,
आणि तिसऱ्या मजल्यावर व्हर्डेल पेटस
हातमोज्यांवर हातमोजे चढवत म्हणायची,
"आज लाल बाईशी गाठ आहे."

लाल बाई म्हणजे तो रंग.
चिमूटभर पूड, कुपीवर कवटी.
पाण्यात पडली की डाळिंबाचा रस,
अतिनील दिव्याखाली निखारा.
विषच ते. बोटाला लागू द्यायचं नाही.

दुसऱ्या कुपीत माणसाने बनवलेला आरएनए:
दोन धागे, एकमेकांना पीळ घालून,
कुठल्याच जिवाची गोष्ट त्यात नाही,
इकडे एकच अक्षर, तिकडे एकच अक्षर,
शाळेत शिक्षा म्हणून लिहिलेल्या पानासारखं.
पेशी ते वाचते आणि दचकते. आला, विषाणू आला!
कड्या लावते, शेजारणींना हाका घालते.
पण आमचा धागा जरा तोतराच.
पेशी कूस बदलायची नि पुन्हा झोपायची.

पेशी कुणाच्या, तेही सांगते.
प्रसूतिगृहातून बर्फात यायचा नखाएवढा तुकडा,
सुंता झालेल्या, दोन दिवसांच्या कुणा मुलाचा.
व्हर्डेल त्याला मिस्टर म्हणायची.
"मिस्टर आज छान पसरलेत," आणि मग
गुराघोड्यांच्या तोंडात फोड आणणारा विषाणू
तीच त्यांच्यावर सोडायची, ओठ आवळून.

रंगाचा रेणू चपटा, पत्त्यासारखा.
शिडीच्या दोन पायऱ्यांमधे अलगद सरकतो,
शिडी थोडी लांबते, पीळ थोडा सुटतो.
"तुमच्यात याला काय म्हणतात?" तिने विचारलं.
मी अडखळले. मग म्हटलं,
आमच्याकडे दोन महिन्यांमधे कधीकधी एक महिना घुसतो,
चंद्राचं सूर्याशी जमावं म्हणून.
त्याला स्वतःचं नाव नसतं, पुढच्याचंच उसनं घेतो.
जावयांची तेवढी चंगळ.
"पगार मिळतो त्या महिन्याचा?"
"त्याला कोण देणार!"
"मग ओळखते मी त्याला," ती म्हणाली,
आणि पिपेटचं टोक बदललं.

फेब्रुवारीतला गुरुवार.
जांभळ्या रंगाने रंगवलेल्या ताटल्या उजेडावर ठेवल्या.
नुसता रंग: कसर लागलेली शाल.
नुसता धागा: तीच शाल, भोकं जरा कमी.
दोन्ही मिळून, चार पायऱ्यांमागे एक पाहुणा:
अख्खं कापड.
एक भोक, तेही कडेला.

डॉक्टर स्ट्रॉदर दारातूनच म्हणाले,
"चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल."
ती काही बोलली नाही.
तीन आठवडे पुन्हा तेच केलं,
काचेच्या पाठीवर पेनाने ठिपके देत,
एकेक भोक मोजत, जिथे मोजायला भोक होतं तिथे.

रविवारी तिने मला चर्चला नेलं.
ओसी मावशी आणि लिओन्टीन मावशी,
एका पियानोवरून अठरा वर्षं अबोला,
बसायच्या मात्र एकाच बाकावर,
मधे एक मोठी टोपी मावेल एवढी जागा सोडून.
व्हर्डेल त्या जागेत बसली.
कुणाशी बोलली नाही, समेट नाही, काही नाही.
पण गाणं सुरू झालं, आणि दोघी म्हाताऱ्या
अशा काही गायला लागल्या,
की पुढच्या रांगेतली मुलं वळून बघायला लागली.
"रोजचंच आहे," ती मला कुजबुजली.
"का होतं, विचारू नकोस."

का होतं, ते आम्हालाही नीट कळलं नव्हतं.
निबंधात चार शक्यता लिहिल्या,
शेवटी बारीक अक्षरात आभार,
त्यात व्हर्डेलच्या नावातला एक एल गळलेला.

त्या रात्री नेहमीसारखी आम्ही झाडाझडती घेतली:
दिवे बंद, हातात अतिनील दिवा,
विष कुठे सांडलं ते पाहायचं.
तिचं टेबल काळोख. माझं टेबल काळोख.
मोरी, नळ, फडताळ, सगळीकडे काळोख.
आणि दाराच्या मुठीवर
एक नारिंगी अंगठा, रुंद, पुरुषी,
हातमोज्याशिवायचा.

व्हर्डेलने बराच वेळ दिवा त्यावर धरला.
मग फडकं ओलं केलं.